परबकाकांचे दिवे

आपल्याच घरात फ्रिज उघडून आत काय आहे ते बघत उभे असताना मागून शेजाऱ्याने येऊन दार लावून टाकलंय, असं तुमचं कधी झालंय? माझं झालंय. "काय हवंय ते आधी ठरव, मग उघड," असं म्हणून परबकाका सोफ्यावर बसले आणि बसता बसता आमचा पंखा एक नंबरने कमी केला.

परबकाका म्हणजे आमच्या बोरीवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे मालवणचे. आमच्या समोर राहतात, एकटेच. मुलगा कॅनडात. त्यांचा जप एकच: "जळतंय फुकट." एका बारशात पाळण्यावरची दिव्यांची माळ बघून म्हणाले, "बाळ झोपलंय ना, मग जळतंय कोणासाठी?" आणि बंद केली.

आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही. जिन्यातले दिवे रात्रभर चालू असायचे. काकांनी सेन्सरचे दिवे आणायचा घाट घातला. माणूस हलला की लागणार, थांबला की विझणार. "खर्च वसूल कधी होणार?" म्हणून खजिनदार दिलीपभाई आडवे आले. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही चढतो किती, पैसे किती द्यायचे? शेवटी काकांनी सभेत शब्द दिला, "वर्षभरात फायदा दिसला नाही तर पद सोडतो, आणि पुन्हा कोणाच्या घरातल्या बटणाला हात लावणार नाही." या दुसऱ्या वाक्यावर दिवे एकमताने मंजूर झाले.

काकांनी दिव्यांची वेळ सगळ्यात कमी ठेवली. कुलपात किल्ली घालेपर्यंत अंधार. दारात उभ्याने गप्पा मारणाऱ्या बायका भाजीची पिशवी हलवत बोलू लागल्या. काकांना शिव्या घालतानाही हात हलवावेच लागत.

वर्ष संपलं. सभेत दिलीपभाईंनी बिलं तपासली आणि तोंड वाकडं करून कबूल केलं, "खर्च निघाला. वर थोडे सुटले पण." टाळ्या पडल्या. काका उठले. आता तासभर भाषण, असं म्हणून मी मागे रेलून बसलो.

"दुसऱ्या मजल्यापर्यंतचे सेन्सर काढा," काका म्हणाले. "साधे दिवे लावा. जळू देत रात्रभर."

"काका, बरे आहात ना?" मी विचारलं.

"अरे, दुसऱ्या मजल्यावरच्या शांताबेन. रोज संध्याकाळी देरासरात देवदर्शन करून येतात. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. हलवणार काय? वळणावर दम खायला थांबल्या की दिवा जातो. मग बिचाऱ्या घाईने चढतात. मी रोज त्यांच्या पुढे चढतो, हात हलवत. पण गणपतीक मी गावाक जातलंय. मगे हात कोण हलवतलो?"

"सेन्सरची वेळ वाढवू ना," दिलीपभाई म्हणाले.

"किती? त्यांच्या दमाला टायमर लावणार काय तू?"

दिलीपभाईंनी वही उघडून खर्च लिहून घेतला. साधे दिवे लागले. या माणसाला आपण वर्षभर हसलो, याचं मला फार वाईट वाटलं.

काका गावाहून परत आले. आता हात हलवायची गरज नाही, तरी शांताबेनच्या वेळेला ते खाली असतातच. परवा मी वर चढत होतो. दोघं पहिल्या वळणावर थांबले होते. काका सांगत होते, "मुलगा फोन करतो हो. पण तिकडे तेव्हा सकाळ असते, कामावर जायच्या गडबडीत असतो. अर्धंच बोलणं होतं." मला बघून ते गप्प झाले.

मी अंग चोरून पुढे गेलो. मागून शांताबेनचा आवाज आला, "बोला, परबभाई. मला काय घाई नाय."