पडद्यामागचे सात आवाज

शिशुवर्गाच्या बाईंनी तो कागद तिसऱ्यांदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. कागदावर सात वस्तूंची नावं होती. पहिलं घड्याळ, दुसरं पातेलं, तिसरं रबरी बदक, चौथी वाटाण्यांची बाटली, पाचवा किल्ल्यांचा जुडगा, सहावी सायकलची घंटी आणि सातवी कात्री. चार वर्षांच्या बावीस मुलांना 'आवाज ओळखा' हा पाठ शिकवायला एवढं पाठांतर लागत नाही. पण बाईंना लागत होतं, कारण या सातांपैकी सहा वस्तूंचे आवाज त्यांना ऐकूच येत नसत.

दोन वर्षांपूर्वी बारीक आवाज जायला लागले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पक्षी गेले, मग कपाटाच्या दाराची करकर गेली, आणि ती गेली याचं बाईंना जरा बरंच वाटलं. जाडजूड आवाज अजून येत होते. माणसांचं बोलणं तोंड समोर दिसत असेल तर कळायचं, पाठमोऱ्या माणसाचं मात्र अवघड होतं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. 'माझं लक्ष नव्हतं' आणि 'पुन्हा सांगता का' या दोन वाक्यांवर त्यांनी दोन वर्षं निभावून नेली होती. घरी नवऱ्याला वाटे की बायको आपलं बोलणं मनावर घेत नाही. पण सव्वीस वर्षांच्या संसारात त्याला त्याचं काही नवल राहिलेलं नव्हतं.

बाईंना भीती होती ती शाळेची. फाटकावरच्या काकांची नजर अधू झाल्याचं कळलं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांचं सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं. आपलंही एक दिवस असंच कौतुक होणार, असं बाईंना वाटे. मुलांशिवाय सकाळी आठ ते बारा या वेळेचं करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यात या आठवड्यात मोठ्या बाई एकेका वर्गात येऊन पाठ बघणार होत्या, आणि शिशुवर्गाच्या वेळापत्रकात नेमका आवाजांचा पाठ आला. बाईंनी रात्रभर तळमळण्याऐवजी शांतपणे विचार केला. वर्गाच्या कोपऱ्यात पडदा लावायचा. मागे टेबलावर वस्तू ओळीने मांडायच्या. वर्गाच्या मदतनीस मावशींनी डावीकडून उजवीकडे एकेक वाजवायची आणि वाजवून झाली की पडदा हलवायचा. क्रम पाठ असला की कानांचं कामच उरत नाही. या बेतावर बाई इतक्या खूश झाल्या की त्यांना वाटलं, हे आधीच सुचायला हवं होतं.

बेतात एकच गोष्ट राहून गेली, ती म्हणजे मावशी. मावशींना पसारा सहन होत नसे, आणि नीटनेटकं म्हणजे त्यांच्या हिशेबी लहानापासून मोठ्यापर्यंत. वर्गातल्या बादल्या, झाडू, मुलांच्या चपला, एवढंच काय, पाणी प्यायला निघालेली मुलंसुद्धा त्या उंचीप्रमाणे लावत. सकाळी त्यांनी पडद्यामागे पाहिलं तर घड्याळाशेजारी पातेलं आणि पातेल्याशेजारी बोटभर बदक. बाई आज घाईत दिसतात, असं मनाशी म्हणत त्यांनी दोन मिनिटांत टेबल सरळ केलं. आधी बदक, मग किल्ल्या, घंटी, कात्री, घड्याळ, बाटली आणि शेवटी पातेलं. हे बाईंना सांगण्याइतकं मोठं काम आहे, असं त्यांना वाटलं नाही.

मोठ्या बाई वही घेऊन मागच्या छोट्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लागतात, पण त्यांचा चेहरा गुडघ्यांमुळे जराही मवाळ झाला नाही. बाईंनी मुलांना शांत केलं. आता फार नाजूक आवाज येणार आहे, श्वाससुद्धा हळू घ्या, असं त्यांनी सांगितलं. मग पडद्यामागे मावशींनी रबरी बदक पिळलं.

मुलं फिदीफिदी हसली. पडदा हलला.

"हसायचं नाही," बाई म्हणाल्या. "कसा संथ आवाज आहे बघा. रात्री सगळे झोपले की हाच ऐकू येतो. कशाचा?"

"बदकाचा," वर्ग म्हणाला.

बाईंनी बावीस तोंडं वाचली. बावीसच्या बावीस मुलांचं चुकलं, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की हे घड्याळ आहे, पुढच्या वेळी कान देऊन ऐका. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या आवाजाची बाईंना मनापासून ओढ होती, कारण दुसरं पातेलं होतं. सातांतला हा एकच आवाज त्यांच्या हक्काचा. त्या पडद्याकडे उजवा कान करून उभ्या राहिल्या. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा हलवला आणि पडदा हलला. बाईंना काहीच ऐकू आलं नाही.

काल संध्याकाळी त्यांनी स्वतः त्या पातेल्यावर डाव आपटून पाहिला होता, तेव्हा चांगला दणदणीत आवाज आला होता. म्हणजे एका रात्रीत पातेलंही गेलं. आता उरलं काय? त्यांना रडू येत होतं, पण पाठ चालू होता आणि मोठ्या बाईंचं पेन उघडं होतं. "पातेलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "बघा किती मोठ्याने वाजलं."

आता वर्गात एक गोष्ट घडली, ती बाईंना दिसली पण कळली नाही. पहिल्या ओळीत एक मुलगी बसायची. प्रत्येक गोष्टीवर तिचं काही ना काही म्हणणं असे, म्हणून सगळे तिला वकील म्हणत. ती मागे वळली आणि मुलांशी काहीतरी कुजबुजली. कुजबुज ओळीओळीने शेवटपर्यंत गेली. मग सगळी मुलं हात मांडीवर ठेवून फार शहाण्यासारखी बसली.

तिसऱ्यांदा मावशींनी सायकलची घंटी वाजवली, तीही चांगली तीनदा.

"बदक," बाई म्हणाल्या.

"हो बाई, बदक," वर्ग एका सुरात म्हणाला.

कात्री वाजली तेव्हा वर्गाने ती वाटाण्यांची बाटली असल्याचं मान्य केलं. घड्याळाची टिकटिक म्हणजे किल्ल्या, यावरही कोणाची हरकत नव्हती. वाटाणे खळखळले तेव्हा बाई म्हणाल्या, घंटी, आणि बावीस मुलांनी इतक्या खात्रीने माना डोलावल्या की मोठ्या बाईंनी एकदा स्वतःचा कान बोटाने हलवून पाहिला. त्यांचं लिहिणं कधीच थांबलं होतं. बाईंना मात्र धीर येत चालला. मुलांची उत्तरं बरोबर येत होती. निदान पाठ तरी पार पडतो आहे.

कागदाप्रमाणे आता उरली होती कात्री. पडद्यामागे मावशींनी डाव उचलला आणि शेवटची वस्तू म्हणून सगळा जोर लावून पातेल्यावर हाणला.

बाई दचकल्या. तो आवाज त्यांच्या कानांतून थेट छातीपर्यंत गेला. गेलेलं माणूस दारात उभं दिसावं, तसं त्यांना झालं. क्रम, कागद, मोठ्या बाई, सगळं त्या विसरल्या. "पातेलं," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी आणून हसल्या. "हे पातेलं आहे. खरंच पातेलं आहे."

"हो बाई, पातेलं," वर्ग म्हणाला, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

मोठ्या बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. त्या सरळ वकिलाजवळ गेल्या आणि वाकल्या. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या, पण दोन वर्षांत त्या ओठ वाचण्यात तरबेज झाल्या होत्या, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना नीट समजलं.

"तिसरा आवाज कशाचा होता गं?"

"सायकलच्या घंटीचा."

"मग बदक का म्हणालात?"

"बाई बदक म्हणाल्या ना," वकील म्हणाली. "त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाही. आम्हाला कधीपासून माहीत आहे. त्यांच्यासमोर जायचं, एकेकाने बोलायचं, सावकाश बोलायचं, मग त्यांना सगळं कळतं. पण आज तुम्ही पाहुण्या आलात. पाहुण्यांसमोर त्यांना चूक कसं म्हणायचं?"

मोठ्या बाईंनी वही मिटली. मग शाळा सुटल्यावर कार्यालयात या, एवढं बाईंना खुणेने सांगून त्या निघून गेल्या.

शाळा सुटल्यावर बाई पडदा काढायला गेल्या तेव्हा त्यांना टेबल दिसलं. बदकापासून पातेल्यापर्यंत सगळं कसं चढत्या भाजणीत. मावशी अभिमानाने शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, फार अस्ताव्यस्त होतं, मीच लावून दिलं. या मावशींनी दोन वर्षांचं गुपित दोन मिनिटांत उघडं पाडलं होतं. पण याचाच अर्थ असा की कान कालच्याइतकेच होते, पातेलं कुठेही गेलेलं नव्हतं. रागावायचं सोडून बाईंनी मावशींना मिठी मारली. मावशींना वाटलं, टेबल खरोखरच चांगलं लावलं गेलं.

कार्यालयात जाताना बाईंनी मनात राजीनामा लिहून टाकला होता. छोटासाच, चार ओळींचा. निरोपाच्या कार्यक्रमात रडायचं नाही, असंही ठरवलं होतं. मोठ्या बाई मात्र टेबलामागून उठल्या, खुर्ची ओढून बाईंच्या अगदी समोर बसल्या, चेहऱ्याकडे बघत सावकाश बोलू लागल्या. ही रीत त्यांना सकाळपर्यंत माहीत नव्हती.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"दोनच वर्षं झाली," मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्गाच्या बाई मला येऊन सांगतात की शिशुवर्गातून आलेली मुलं वेगळीच असतात. एका वेळी एक बोलतं. बोलताना तोंडाकडे बघतं. समोरच्याला कळलं नाही तर न वैतागता पुन्हा सांगतं. बाकीच्या वर्गांत नुसता बाजार भरलेला असतो. मी आज तुमची पद्धत बघायला आले होते."

"पद्धत नाही हो," बाई म्हणाल्या. "नाइलाज आहे."

मोठ्या बाईंना हसू आलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं नवखं होतं की कुठे बसावं हे त्याला कळेना. त्या म्हणाल्या, वर्ग तुमचाच आहे आणि तुमचाच राहील, फक्त उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि यंत्र घ्यायचं. मग म्हणाल्या, फाटकावरच्या काकांनाही असं कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, मीच विचारायला हवं होतं. काकांचा पत्ता मोठ्या बाईंनी त्या दिवशीच शोधून ठेवला. बाईंनी मनातला राजीनामा मनातच फाडला आणि मग ठरवलेलं नसतानाही भरपूर रडल्या.

पुढच्या आठवड्यात बाई यंत्र लावून वर्गात आल्या. खुर्च्या किंचाळत होत्या, चपला घासत होत्या, आणि कुठून तरी फर्र फर्र असा भयंकर आवाज येत होता. तो त्यांच्या स्वतःच्या साडीचा निघाला. मुलं कानामागचं यंत्र बघायला गोळा झाली. वकील मात्र लांब उभी राहिली.

"आता आम्ही समोर येऊन सांगायचं नाही?" तिने विचारलं.

बाईंनी बावीस चेहऱ्यांकडे पाहिलं. या एवढ्याशा माणसांनी, कोणा मोठ्या माणसाने न सांगता, दोन वर्षं आपल्याला सांभाळलं. आधीची मुलं पुढच्या वर्गात गेली, नवी आली, आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना हे कधी शिकवलं, ते आपल्याला कळलंसुद्धा नाही.

"यायचं तर," त्या म्हणाल्या. "यंत्र नवीन आहे. त्याला आवाज येतात, पण कशाचे ते कळत नाहीत. त्याला कोण शिकवणार?"

हे खोटंही नव्हतं. मुलांची लगेच रांग लागली. मावशींनी ती उंचीप्रमाणे लावली, त्यामुळे सगळ्यांत पुढे आली ती वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणत. ती महिन्यातून एखादाच शब्द बोलायची. तिने बाईंच्या मांडीवर आपलं दप्तर ठेवलं, यंत्राकडे गंभीरपणे पाहिलं आणि दप्तराची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली.

चेनला आवाज असतो, हे बाई साफ विसरून गेल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मुंगीने थोडी वाट पाहिली. मग तिने बाईंच्या गुडघ्यावर हाताने थोपटलं आणि चेन पुन्हा लावायला घेतली.

"राहू दे बाई," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "पहिल्याच दिवशी नाही येत कोणाला. मी परत वाजवते."