खाल्ल्या मिठाची मोटार

जुनी मोटार पारखायला निघालेल्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशात मन्नूबियाबाईंनी एक लोहचुंबक घातले आणि खिसा वरून थोपटला.

“हे पत्र्याला लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत नुसती लांबी, पुट्टी भरलीय. इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. आणि अहो, ते स्वप्न तेवढं घरी ठेवून जा.”

“कुठलं स्वप्न?” हम्मादीमास्तरांनी निरागसपणे विचारले.

“तेच. हातात स्टिअरिंग, शेजारी मी, समोर समुद्र. तोंडावर दिसतंय तुमच्या. विकणाऱ्याला दिसलं की संपलं!”

हम्मादीमास्तरांनी केफच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकविला होता. जगातील साऱ्या सागरांची नावे त्यांनी बाप आणि लेक अशा दोन्ही पिढ्यांकडून पाठ करून घेतली होती. परंतु डोंगराच्या उतारावर वसलेल्या त्या गावातून स्वतःच्या पत्नीला तिच्या माहेरच्या समुद्रापर्यंत नेणे मात्र त्यांना साधत नव्हते. मन्नूबियाबाई तबरक्याच्या, अगदी किनाऱ्यावरच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून भाड्याच्या गाडीत मांडीला मांडी लावून घाट ओलांडणे त्यांना अशक्य झाले, आणि त्याबरोबर माहेर, धाकटी बहीण व लाटांचा आवाज ही तिन्ही सुखे एकदमच अंतरली. त्या याविषयी कधी बोलत नसत. केवळ झोपताना कधीकधी उशीला कान लावून पडून राहत. मास्तरांनी साठविलेली पुंजी एका जुन्या, लहानशा हॅचबॅकपुरती होती. निवड चुकली, तर तबरका पुन्हा नकाशावरच राहणार होते.

रविवारच्या मोटारबाजारात, गव्हाच्या हिरव्या शेतांच्या कडेला, ती उभी होती. फिकट निळी, तिच्यावरून पहाटेचे आकाश अजून विरले नसावे तशी. तिच्याशेजारी शाजली नावाचा तिचा विक्रेता दातकोरणे चघळीत उभा होता.

“या मास्तर! ओळखलंत का? नसेल. मी तुमच्या वर्गात नापास झालेला. ही गाडी एका डॉक्टरीणबाईंची. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. उन्हात नेली नाही कधी.”

मास्तरांनी गंभीर मुद्रेने चुंबक दाराला लावले. ते क्षणभर थबकले, घसरले आणि बुटावर पडले.

“तुमचं चुंबक म्हातारं झालंय, मास्तर,” शाजली हळहळून म्हणाला.

इंजिन सुरू होताच मागून शुभ्र धुराचा लोट निघाला.

“सकाळचा गारवा आहे ना. तिचा श्वास दिसतोय.”

“आणि हा वास कसला?”

“वास? डॉक्टरीणबाईंची औषधं असतील.”

दोष दिसत नव्हते असे नाही. मास्तरांना ते सगळे दिसत होते. परंतु मागचे दार वर उचलल्यावर ते आपल्या बळावर उभे राहीना, म्हणून मास्तर ते एका हाताने तोलून धरून उभे राहिले, आणि तेथेच घात झाला. त्या निळ्या छत्रीखाली त्यांना अंजिरांची टोपली दिसली, गुंडाळलेली चटई दिसली, आणि टोपलीपलीकडे पाय सोडून बसलेली, वाऱ्याने डोक्यावरचा रुमाल उडालेली मन्नूबिया दिसली. तिचे गुडघे दुखत नव्हते. दूरवर कोणीतरी जाळे ओढीत होते.

“मास्तर? हात दुखेल.”

“आमच्या गल्लीचा चढ चढली पाहिजे,” मास्तर भानावर येऊन शक्य तितक्या कठोरपणे म्हणाले. “मग बोलू.”

मोटार पारखण्याच्या दृष्टीने हा विचार निर्दोष होता. केफमध्ये राहून चढ न चढणारी मोटार घेणे म्हणजे ओझे नाकारणारे गाढव घेणे. परंतु विकत न घेतलेली मोटार आपल्याच गल्लीत नेऊ नये, हा नियम मास्तरांच्या ध्यानी आला नाही.

मोटार चढली. कण्हत, थांबत, खोकत चढली. वरच्या वळणावर बूरावी न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावीत होता. तो ब्रशासकट रस्त्यावर धावला.

“मुबारक असो, मास्तर! मुबारक असो!”

आणि मास्तरांच्या मुखातून, साठ वर्षांच्या संस्काराने, आपोआप उत्तर गेले, “अल्ला तुम्हांलाही बरकत देवो, बूरावी.”

तेथेच व्यवहार झाला म्हणायचा. मुबारकीला बरकतीचे उत्तर दिल्यानंतर वस्तू परत करणे म्हणजे दारी आलेला आशीर्वाद हाकलणे. आणि तसे करणाऱ्याच्या घरी पुढे काय काय होते, याच्या कथा गल्लीत प्रत्येकीला ठाऊक होत्या. मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढून “अजून नुसती बघतोय” असे म्हणण्याचा यत्न केला. परंतु तो सूर बायकांच्या लांबलचक किलकाऱ्यांत बुडून गेला. शेजारच्या हल्लूमा मावशींनी नारिंगाच्या फुलांचे पाणी टपावर शिंपडले. कोणी चाकाखाली अंडी ठेवली. कोणी वाळलेली माशाची शेपटी आरशाला बांधली, दृष्ट लागू नये म्हणून.

“पुढे घ्या, पुढे घ्या! अंडी फुटू द्या!”

अंडी फुटली. शेजारी बसलेला शाजली मास्तरांच्या कानाशी लागला. “किंमत सांगितली तीच हं, मास्तर. आता घासाघीस बरी नाही दिसत.”

मन्नूबियाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मोटार पाहिली, धूर पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग शाजलीकडे पाहून त्या प्रेमळ हसल्या.

“ये रे पोरा. पान वाढलंय.”

शाजलीचा रंग उतरला. “नको ताई! आत्ताच जेवलो.”

त्याच्या बापाने मरताना त्याला धंद्याचे एकच सूत्र दिले होते : गिऱ्हाइकाच्या घरी घोटभर पाणीसुद्धा प्यायचे नाही. ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. आणि खोटे न बोलता जुनी मोटार विकता येत नाही.

“पैसे न मोजता जाणार कसा? आणि उपाशी माणसाला पैसे मोजून देऊ का मी दारातून?” बाई म्हणाल्या.

कुसकुसाचे, म्हणजे वाफवलेल्या गव्हाच्या सांज्याचे, भलेमोठे पात्र मध्यभागी आले. वर भोपळ्याच्या फोडी, चणे आणि हाडावरून सुटू आलेले मांस. शाजली पहाटेपासून बाजारात उभा होता. त्याने डोळे मिटले, अल्लाचे नाव घेतले आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा त्याने पात्रातच परत ठेवला.

“मास्तर,” तो खाली बघत म्हणाला, “ती डॉक्टरीण नव्हती.”

“मग कोण होतं?”

“मेंढ्यांचा व्यापारी.”

“मागच्या सीटवर मेंढ्या?”

“सणासुदीला पुढच्यासुद्धा.”

“घे रे अजून,” म्हणत बाईंनी पळी पुढे केली.

“नको ताई! अजून घेतलं तर गिअरबॉक्सचं सांगावं लागेल.”

बाईंनी वाढले. त्याने गिअरबॉक्सचे सांगितले. भोपळ्याच्या फोडीबरोबर गळका रेडिएटर आला. मांसाबरोबर मागे फिरविलेला किलोमीटरचा काटा आला. शेवटी पात्रातला रस्सा पावाने पुसता पुसता, डाव्या बाजूचे दार मुळात दुसऱ्याच मोटारीचे आहे, हेही आले. शाजलीच्या मुखावर स्नान करून आलेल्या माणसाची कांती दिसू लागली.

“निम्मेच द्या, मास्तर.”

परंतु मीठ एकाच बाजूने लागत नाही. समोर बसून त्याच पात्रातून मास्तरही जेवले होते. पाहुण्याने पोटातले सत्य ओतल्यावर त्याचा तोटा पाहत बसणे त्यांना जड गेले.

“निम्मे कसे? अरे, चढ चढली ना ती?”

“रडत चढली, मास्तर!”

“रडत का होईना. माझे अर्धे विद्यार्थी तसेच वरच्या वर्गात गेले. मी पूर्ण किंमत देणार.”

“मी नाही घेणार!”

“घ्यावीच लागेल!”

“असं असेल तर मी विकतच नाही,” शाजली उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. “ताईंच्या हातचं जेवून त्यांना घाटात बंद पडणारी गाडी विकू? मुलांना काय तोंड दाखवू?”

मास्तर सुन्न झाले. तबरका आता नकाशावरूनही पुसले जात होते. विकणारा विकीत नव्हता, आणि घेणाऱ्याला परत करता येत नव्हते. अंगणात जमलेल्या गल्लीने एकदमच हल्लूमा मावशींकडे पाहिले. मावशींनी जपमाळ थांबविली.

“यात एवढं काय? आशीर्वाद दिलेली गाडी परतीचा उतार उतरत नाही. मीठ खाल्लेला माणूस भंगार विकत नाही. मग गाडीही इथंच राहील आणि हा पोरगाही. बिघडली की यानं यायचं, नीट करायची, जेवायचं, जायचं. किंमत मन्नूबिया सांगेल. तुम्ही दोघं गप बसा.”

बाईंनी किंमत सांगितली. दोघेही गप्प बसले.

त्यानंतर वसंत संपेपर्यंत शाजली इतक्या वेळा आला, की त्याचे जोडे दारातल्या ठरलेल्या जागी राहू लागले. आणि मग एका रविवारी, बाजार बुडवून, तो पहाटे हजर झाला.

“चला ताई.”

मास्तर चालकाच्या जागेकडे निघाले. पण इतक्या दुरुस्त्यांनंतर कोणता गिअर कोठे लपतो, हे एकट्या शाजलीलाच ठाऊक होते. बाई पुढे बसल्या, पाय लांब करून. मास्तर मागे, जेथे पूर्वी मेंढ्या बसत तेथे, अंजिरे मांडीवर घेऊन बसले. ऐन द्राहम गावाच्या चढावर मोटार तीनदा पाणी प्यायली. बुचाच्या ओक झाडांच्या दाट सावल्या काचेवरून वाहत गेल्या. अखेर खिंडीच्या माथ्यावर तिने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि इंजिन बंद पडले.

पण चाके बंद पडली नाहीत. रस्ता आता उतरणीचा होता. शाजलीने हात-ब्रेकवर मूठ ठेवली आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना सुरू केली. कसलाही आवाज न करता ती निळी मोटार वळणांमागून वळणे घेत, झोपेत चालावे तशी, खाली तरंगत गेली. आणि एका वळणावर झाडी बाजूला झाली. खाली समुद्र पसरला होता. उघड्या खिडकीतून खारा वारा आला. मन्नूबियाबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि कान बाहेर काढला.

 मग मास्तरांना, आयुष्यभर उंचसखल प्रदेश शिकविल्यामुळे, चिंता सुचली.

“अगं, पण ही परत वर कशी चढायची?”

मन्नूबियाबाईंनी मागे वळूनही पाहिले नाही.

“वर जायचंय कुणाला?”