वाघमारेबाई फिरायला जातात

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी, अधूनमधून एक हिरवा तंबू उभा राहतो. आत एकसष्ट वर्षांच्या वाघमारेबाई दुपारची झोप घेत असतात. विचारलं तर सांगतात, "सराव चाललाय."

चेअरमनसाहेबांनी पहिल्यांदा हरकत घेतली तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला, "कुठं लिहिलंय?" नियमांच्या वहीत तंबूबद्दल अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोटीस लावली : गच्चीवर तंबू ठोकू नये. बाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाल्या, "हे आजपासून. माझा तंबू कालचा आहे." आणि वर जाऊन झोपल्या.

भोसरीच्या एका कारखान्यात बाईंनी तीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली. ब्रेकचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं. रिटायर झाल्या तरी ते सुटलं नाही. आमच्याकडं पोहे खाल्ले की, "मीठ ओके, कांदा रिजेक्ट." माझ्या मेहुण्याकडं त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. आम्ही काय ते समजलो.

रिटायर झाल्यावर महिन्याभरात त्यांनी पाठीवरची मोठी सॅक घेतली आणि वल्लभनगरच्या स्टँडवरून कोकणात जाणारी एसटी पकडली. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी हेच. गावोगाव एसटीनं जायचं, किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली तंबू लावायचा, खाडी आडवी आली की मिळेल त्या होडीनं ओलांडायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा महेश बंगळूरला. तो फोनवर वैतागायचा, "आई, या वयात एकटी बाई वाळूत झोपते. लोक काय म्हणतील?"

"मी तिसऱ्या पाळीला जायचे तेव्हा लोक सोडायला येत होते का?" बाई विचारायच्या.

शेवटी महेशनं मला गळ घातली. "सुनीलदादा, एकदा सोबत जा. तिला समजव. आता हे बंद कर आणि माझ्याकडं ये म्हणावं." चाकणची आमची कंपनी देखभालीसाठी आठवडाभर बंदच होती. मी बाईंना म्हटलं, मलाही समुद्र बघायचाय.

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "महेशनं पाठवलं?"

तीस वर्षं खोट शोधलेल्या माणसापुढं काय लपवणार? मी मान हलवली.

"चल. खुंट्या ठोकायला कुणीतरी हवंच होतं."

पहिल्याच संध्याकाळी किनाऱ्यावर मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. इथं तंबूला मनाई आहे म्हणाले. "कुठं लिहिलंय?" बाई उठल्याच. गृहस्थ म्हणाले, बोर्ड आहे. आम्ही तिघं बोर्ड शोधत निघालो. सापडला, पण खाऱ्या वाऱ्यानं गंजून त्यावर 'सूचना' एवढाच शब्द उरला होता. बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "मान्य आहे." थोड्या वेळानं ते गृहस्थ आमच्या तंबूपुढं बसून बाईंच्या हातचा चहा पीत होते. चहा ओके होता की नाही ते सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवरची लाँच बंद निघाली. मी म्हटलं, एसटीनं वळसा घालून जाऊ. बाईंनी ऐकलंच नाही. त्या सरळ धर्मा नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याकडं गेल्या. त्याच्याकडं शिडाची जुनी होडी होती. "वारा बरा हाय बाय, बसा," तो म्हणाला. जुनी ओळख असावी तसं.

मधोमध वारा वाढला. होडी एका अंगावर कलली. बाई शिडाचा दोर दोन्ही हातांनी ताणून बसलेल्या. मला वाटलं, बोलायची हीच वेळ आहे, घाबरलेल्या असतील. "मावशी, आता पुरे करा. महेशकडं चला," एवढं म्हणालो आणि मलाच भडभडून उलटी झाली.

"आधी पोटातलं निघू दे," बाई म्हणाल्या, "मग महेशचं बोल."

पलीकडं उतरल्यावर बाई तंबूची जागा शोधतील असं मला वाटलं होतं. त्या धर्माच्या मागोमाग त्याच्या घरात शिरल्या. आत खाटेवर त्याची बायको हिराबाय भिंतीला टेकून बसली होती. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा गेलेली. बाईंनी सॅकमधून खोबरेल तेल आणि फणी काढली, तिच्या मागं बसल्या आणि गुंता सोडवू लागल्या. हळू, एकेक बट धरून. तोंडानं सोसायटीच्या गोष्टी सांगत होत्या, इतक्या मऊ आवाजात की तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

धर्मानं मला ओटीवर नेऊन सांगितलं. पहिल्याच फेरीत बाई तंबूत तापानं फणफणल्या होत्या. हिराबायनं त्यांना घरी आणून चार दिवस लेकीसारखं सांभाळलं. पुढं हिराबायच अशी झाली. "तवापासून येत्यात. नायतर सुनेला कुठं वेळ असतोय."

बाई हात धुवायला बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "मावशी, हे महेशला का नाही सांगितलं? तो गप्प बसला असता."

"गप्प कशाला बसेल? गुणाचा आहे तो. हिच्यासाठी एखादी बाई ठेवून दिली असती त्यानं." त्यांनी पदराला हात पुसले. "मग मी कुठं गेले असते, सुनील?"



त्या परत आत जाऊन हिराबायची वेणी घालू लागल्या. वेणी झाली तशा समोर येऊन खाटेजवळ जमिनीवर बसल्या, नीट जमली का बघायला. होडीतल्या वाऱ्यानं त्यांचेच केस पिंजारून तोंडावर आले होते. हिराबायनं आपला चालता हात हळूहळू उचलला आणि ते केस कानामागं सारले. पुन्हा सारले. बाईंनी नुसतं डोकं थोडं पुढं केलं, तिच्या हाताला पोचेल इतपत.