खिंडीतला बेहडा

सकाळी सात वाजता वाघजाईच्या वाडीच्या खिंडीत बेहड्याचं झाड आडवं पडलेलं आढळलं. रात्री वारा सुटला होता. माणसाला, जनावराला इजा नाही. रस्ता बंद.

एरवी ही बातमी ओढा ओलांडून पलीकडे गेली नसती. पण त्याच दिवशी दुपारी वनखात्याचे उपमंत्री वाडीची देवराई पाहायला येणार होते, आणि ताम्हिणीच्या रस्त्यावरून वाडीत मोटार यायला ही खिंड सोडून दुसरी वाट नव्हती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मधे आता छातीइतक्या उंचीचा बुंधा.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं. वाडीची देवराई कोळसा पाडायला ठेक्यानं द्यावी, असा प्रस्ताव मुंबईत सरकारपुढे पडून होता. त्याविरुद्ध सरपंच कोंडाजीनं खोऱ्यातल्या गावांचं एक मंडळ उभं केलं होतं. मंडळाचा सुधारणेला विरोध नव्हता. सुधारणा देवराईच्या पलीकडे कुठंही व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "सायेब, आमी नवं काय बी मागत न्हाई. हाय ते ऱ्हाऊ द्या," असं कोंडाजी मुंबईत इतक्या दारांत बोलला होता की शेवटी उपमंत्र्यांनी वैतागून येण्याचं कबूल केलं. ही एकच खेप. पुन्हा येणं नाही.

झाड बाजूला करायला वाडीत माणसं होती, कुऱ्हाडी होत्या, बैल होते. अडचण वेगळीच होती. देवराईतली काडी उचलायची नाही, पडलेलं झाड असलं तरी वाघजाई आईला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा वाडीचा सगळ्यांत जुना कायदा. आणि बेहडा देवराईचा होता.

गेणबा गुरवानं आंघोळ करून कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाडी देवळापुढं बसून राहिली.

"पडली का?" कोंडाजीनं विचारलं.

"बस की गप. ती काय यष्टी हाय व्हय, येळंवर यायला?"

"गेणबा, उपमंत्री पौडाला पोचलं आसत्याल."

"मग त्यास्नी सांग, आई इचार करतीया."

"पोस्टाच्या तिकिटावानी चिटकावलीस बाबा," रंभाबाई म्हणाली. ती वाडीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. तिच्या तोंडाला गेणबाही भीत असे. "पडंल कशी?"

"हात तोच, पानी तेच. माझ्या आज्यापासनं."

कोंडाजीनं गेणबाला देवळामागं नेलं. "मी काय म्हन्तो, आपून न्हाईच तोडायचं. भिवाजी ठेकेदार येनारच हाय मागनं, त्याची मानसं हायेत. ती तोडत्याल. पाप त्येंच्या डोसक्यावर."

"आन ती तोडताना तू काय करनार?"

"मी दुसरीकडं बघनार."

"कुटं?"

कोंडाजीनं क्षणभर विचार केला. "वढ्याकडं."

 गेणबा पुन्हा देवीपुढं जाऊन बसला.

दुपारी उपमंत्र्यांची जीप खिंडीशी थांबली. मागं भिवाजीशेठची लॉरी. उरवड्याचा भिवाजी हाच तो कोळशाचा ठेकेदार, आणि रंभाबाईचा सख्खा भाचा. लॉरीत कुऱ्हाडवाले होते. "सायबास्नी वाटंत अडचन नको म्हनून," तो म्हणाला.

बुंध्याच्या अलीकडं सरकार, पलीकडं वाडी. कोंडाजीनं दगडावर चढून हार पुढं केला. उपमंत्री वाकले, पण हार मधल्या फांदीला अडकला. काढायचा तर फांदी हलवावी लागणार होती. हार राहू दिला.

"सरपंच, हे झाड काढत का नाही?" उपमंत्र्यांनी विचारलं.

"आईचा कौल न्हाई अजून."

"मी सरकारतर्फे परवानगी देतो."

"तुमची झाली वो सायेब," रंभाबाई पलीकडून म्हणाली. "तिची ऱ्हायली."

वर कातळावरून देवराईत शिरणारी एक पायवाट होती. उपमंत्र्यांचा गुडघा धरलेला, म्हणून त्यांनी आपल्या अधिकाऱ्याला पाठवलं. देवराईत कातडं चालत नाही. अधिकाऱ्यानं बूट काढले, घड्याळ काढलं, पाकीट दिलं.

"पट्टा," पायवाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहिलेला गेणबा म्हणाला.

"अहो, पट्टा कसा काढू?"

"हातानं."

अधिकारी विजार दोन्ही हातांनी धरून वर गेला आणि बऱ्याच वेळानं तशीच धरून खाली आला.

"काय पाहिलंत?"

"साहेब, आत फार गार आहे."

"झाडं किती आहेत?"

"मोजायला बोट मोकळं नव्हतं, साहेब." मग विजार सावरत तो म्हणाला, "पण आत गार आहे."

तेवढ्यात भिवाजी पुढं झाला. "सायेब, हुकूम करा. घटकाभरात रस्ता मोकळा. रमजान, उतरव मानसं!"

रमजान पौडचा. भिवाजीची लॉरी तोच चालवी, आणि कुऱ्हाडवाले त्याच्याच शब्दावर हलत. तो जागेवरून उठला नाही.

"शेठ, सांगाल तितं लाकूड भरीन. पन ह्या आईच्या दारावरनं मला घाटात गाडी काढायची आसती. तिला इचारल्याबिगर न्हाई."

"आरं, तू मुसलमान आसून?"

"म्हनून काय घाटाचं वळन मला सोडून जातंय व्हय?"

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. भिवाजी बुंध्यापाशी आला. "आत्या, तू तरी सांग ह्यास्नी."

"सांगते की. घरी जा."

पलीकडं पुरणपोळ्या गार होत होत्या आणि वास वाऱ्यानं अलीकडं येत होता. उपमंत्र्यांचा धीर संपत आला. "सरपंच, बोलावलंत तुम्ही. आता तुम्हीच सांगा. तोडू द्यायचं का? हो म्हणालात तर देवराई बघतो, नाही तर मी चाललो."

कोंडाजीनं ओढ्याकडं पाहिलं. मग पुन्हा बुंध्याकडं पाहिलं. सगळी वाडी त्याच्याकडं बघत होती. भिवाजीही बघत होता, आणि जरा हसत होता. सरपंचाच्या तोंडच्या होकारानं देवराईतलं पहिलं झाड तुटलं, तर पुढची तोडायला अडवणार कोण, हे त्याला नीट कळत होतं.

"न्हाई सायेब," कोंडाजी म्हणाला. "तुमच्या गाडीसाठी एक तोडलं, तर म्हमईत बोललो ते समदं खोटं झालं. तुमी जावा. माफी करा."

उपमंत्र्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "बरं. देवीचा कौल मिळेपर्यंत या झाडाला कोणीही हात लावायचा नाही. तसा हुकूम काढा." हे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, कारण काहीतरी सांगून जेवायला जाणं भाग होतं. जीप पौडाकडं वळली.

कोंडाजी पुरणपोळीला न शिवता घरी गेला. इतक्या दिवसांची खटपट एका बुंध्यापायी बुडाली, असं त्याला वाटत होतं.

हुकूम मात्र निघाला. अधिकारी काटेकोर होता. 'कोणीही' या शब्दात त्यानं ठेकेदार, त्याचे नोकर, वाहनं आणि दोर लावून ओढणारेही घातले. तो वाचून झाल्यावर भिवाजीच्या लक्षात आलं, की देवराईचा ठेका उद्या मिळाला तरी कोळसा बाहेर काढायचा तो याच खिंडीतून. तो मुंबईला जाऊन आला. तिथं त्याला सांगण्यात आलं, की उपमंत्री आपला शब्द मागं घेणार नाहीत. आधी कौल आणा.

तेव्हापासून दर मंगळवारी भिवाजीशेठ वाडीत येतो. लॉरी बुंध्याशी थांबते. तो चपला काढतो, पट्टा काढतो, धोतर नेसून आलं तर बरं पडतं असंही म्हणतो, आणि नारळ घेऊन वरच्या पायवाटेनं देवळापुढं येऊन बसतो. रंभाबाई त्याला चहा देते. "देवाला लागलास, लई बरं झालं," ती म्हणते. "तुझ्या बापाला जमलं न्हाई."

मंडळाची माणसंही दर मंगळवारी येतात. पाकळी पडू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडून बसतात. कोंडाजी देवळात येत नाही. बुंध्याशेजारच्या दगडावर बसून राहतो आणि येणाऱ्याला विचारतो, "पडली का?"

मुंबईत प्रस्तावाचा निकाल अजून झालेला नाही. गेल्या मंगळवारी उजवी पाकळी खांद्यावरून हलली. भिवाजी गुडघ्यांवर उठून बसला. पाकळी देवीच्या कोपरापर्यंत घसरली आणि थांबली.

"ह्याचा अर्थ काय वो, गेणबा?"

"अर्थ पडल्यावर."

शेवटची खबर आली तेव्हा पाकळी कोपरावरच होती.