तीन वर्षांनंतरचा पाय

माणसाला दोन पाय असतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. माणसाला पाय चार असतात. दोन आज असलेले आणि दोन पुढे होणारे. आज असलेल्या पायांची काळजी कोणीही सोम्यागोम्या घेतो. पुढे होणाऱ्या पायांची काळजी घ्यायला मात्र माणूस जबाबदार पालक असावा लागतो, आणि जमल्यास सरकारी नोकरीत असावा लागतो.

निरीक्षकसाहेब दोन्ही होते. वजनमापे खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. ते बाजारात शिरले की खोटे तराजू आपणहून खरं बोलायला लागत, अशी त्यांची ख्याती होती (ख्याती त्यांनीच सांगितलेली, पण कोणी नाही म्हटलं नव्हतं). घरातल्या दुधाच्या पातेल्यावर त्यांनी पाव लिटरच्या खुणा कोरल्या होत्या. अशा माणसाच्या धाकट्या मुलीला बर्फावरच्या हॉकीसाठी बूट घ्यायचे होते, तेव्हा ते काम दुकानदारावर सोडणं म्हणजे शोभा झाली असती.

धाकटी अकरा वर्षांची. दोन वर्षं ती बर्फाच्या रिंकवर जात होती आणि तिथल्या काउंटरवरून भाड्याचे स्केट, म्हणजे पात्यांचे बूट, घेत होती. नेहमी एकच जोड, चौदा नंबरच्या खणातली. उजव्या बुटाच्या नाडीला दोन ठिकाणी गाठी होत्या आणि रंग कुठला होता ते आता सांगता येत नव्हतं, पण टाच आत अशी घट्ट बसायची की पाय आणि बूट वेगळे आहेत हे तिला घरी येईपर्यंत आठवायचं नाही. त्या बुटांवर ती रिंकचं एक टोक ते दुसरं टोक नऊ सेकंदांत गाठायची. तिच्यामागची मुलगी साडेअकरा सेकंदांत यायची. म्हणूनच प्रशिक्षकबाईंनी तिला सांगितलं होतं, की तीन आठवड्यांनी रविवारी शेजारच्या क्लबाशी सामना आहे आणि तू पुढच्या फळीत. आयुष्यातला पहिला सामना. अट एकच, सामन्यात भाड्याचं काही चालत नाही. बूट स्वतःचे आणि संरक्षक सामान पूर्ण.

"बाबा, चौदा नंबरसारखेच घ्यायचे हं," धाकटी म्हणाली.

ही मागणी निरीक्षकसाहेबांनी फाइलच्या पहिल्या पानावर नोंदवली. (पुढे ते पान तळाशी गेलं. फाइल नेहमी वरच्या बाजूने वाढते.)

आधी मोजणी झाली. पाय सकाळी आखडलेला आणि संध्याकाळी सुजलेला असतो, हे लक्षात घेऊन दोन्ही पायांचं माप दिवसातून तीनदा, अकरा दिवस घेण्यात आलं. एकूण नोंदी सहासष्ट. त्यावरून डावा पाय दोनशे पंधरा मिलिमीटर आणि उजवा दोनशे सतरा निघाला. सरासरी दोनशे सोळा. असा पाय धाकटीला एकही नव्हता, पण सरासरीपुढे कोणाचं काय चालतं? त्यात दरवर्षी आठ मिलिमीटर या दराने तीन वर्षांची वाढ मिळवली. दोनशे चाळीस.

"अहो, पण सामना पुढच्या रविवारी आहे ना?" बायको म्हणाली.

"सामना रविवारी आहे. पाय जन्मभर आहे," निरीक्षकसाहेब म्हणाले. बायकोने दुकानात बरोबर जायला पिशवी उचलली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

दुकानदार जुना खेळाडू होता आणि त्याचे पुढचे दोन दात नव्हते, म्हणजे त्याला सामानाची माहिती असावी. त्याने धाकटीला बाकावर बसवलं आणि एक बूट चढवला. "उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत. गुडघा वाकवला की टाच मागे बसली पाहिजे, बोटसुद्धा आत जाता कामा नये," तो म्हणाला. मग नाडीच्या भोकांवर त्याने पेन्सिल आडवी ठेवली. ती पायाला टेकली नाही. याचा अर्थ बुटाची खोली बरोबर आहे. धाकटी उठली, दोन पावलं चालली आणि हसली. "चौदा नंबर!" ती म्हणाली.

"दोनशे चाळीसचा दाखवा," निरीक्षकसाहेब म्हणाले.

दुकानदाराने आणला. टाचेमागे निरीक्षकसाहेबांची चार बोटं गेली, रुमालासकट. पेन्सिलही ठेवून पाहिली, पण पाय इतका खोल होता की टॉर्च लावावा लागला. दुकानदार म्हणाला, "साहेब, अहो बादलीत पाय घालून पोरगी पळणार कशी?" निरीक्षकसाहेबांनी शांतपणे समजावलं, की बुटात ज्या जागा आज रिक्त आहेत त्या हंगामी स्वरूपात स्पंजने भरण्यात येतील आणि कायमस्वरूपी पाय रुजू झाला की स्पंजला कमी करण्यात येईल. दुकानदाराने उरलेले दात आवळले.

आता एक तांत्रिक अडचण आली. नवा बूट भट्टीत गरम करून पायात घालून बसायचं असतं, म्हणजे तो पायाच्या आकाराचा होतो. धाकटीचा पाय घालून उपयोग नव्हता. ज्या पायाची तीन वर्षांत बदली होणार, त्याच्यासाठी साचा कोण वाया घालवील? दोनशे चाळीसचा पाय दुकानात एकच होता, तो बायकोचा. निरीक्षकसाहेबांनी तिला प्रतिनिधी म्हणून बसवलं. ती वीस मिनिटं गरम बुटांत पाय घालून बसली. "बरं वाटतंय हो," ती म्हणाली, "शेकल्यासारखं. मला असे कधी कोणी मापाचे घेतले नाहीत." तिच्या उजव्या अंगठ्याजवळ एक हाड बाहेर आलेलं आहे (घरातल्या जिन्यांमुळे, तिचं मत). तेवढा फुगवटा बुटाने इमानेइतबारे उचलला. धाकटी काचेपलीकडच्या छोट्या जोडाकडे बघत उभी होती.

बूट ठरल्यावर बाकीचं सामान आपोआप ठरलं. बूट तीन वर्षांनंतरचे आणि नडगीचे पॅड आजचे, असं करून चालत नाही. मुलगी दोन वेगवेगळ्या सालांत खेळली असती. म्हणून पॅड, कोपरांची कवचं, खांद्यांचं चिलखत, हातमोजे आणि फुगीर अर्धी चड्डी, सगळं त्याच तारखेचं घेतलं. हेल्मेटच्या बाबतीत डोकं फारसं वाढत नाही अशी हरकत दुकानदाराने घेतली. निरीक्षकसाहेबांनी ती फेटाळली, कारण पुढची तीन वर्षं महत्त्वाच्या परीक्षांची होती आणि डोक्यात बरंच काही भरलं जायचं होतं.

सगळे घरी परतल्यावर धाकटीचे मामा आले. मामा विमा विकत, त्यामुळे कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी काय काय मोडू शकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी मणका, मान, बरगड्या आणि माकडहाड या क्रमाने विषय मांडला. प्रत्येक हाडामागे एकेक उशीचा थर वाढला. बायकोने गळ्याभोवती जादा पट्टी शिवली. ती सुरुवातीला घाबरलेली नव्हती, पण मामांचं ऐकून कोण घाबरणार नाही?

शनिवारी दुपारी पडण्याची चाचणी घेण्यात आली. दिवाणखान्यात गाद्या टाकल्या आणि मामांनी धाकटीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ढकललं. चारही वेळा कुठेही खरचटलं नाही. निकाल शंभर टक्के. चारही वेळा तिला उठवायला दोघे लागले, पण तक्त्यात 'पडणे' असा रकाना होता, 'उठणे' असा नव्हता, त्यामुळे ते नोंदवता आलं नाही.

"बाबा, मला वाकता येत नाहीये," आतून आवाज आला.

"वाकायचं कशाला? ताठ राहावं माणसाने," मामा म्हणाले.

धाकटी मग रडली. सरळ, मोठ्याने, हेल्मेटच्या आत. "मला चौदा नंबर द्या ना. मी पडले तर पडले. मी कितीदा पडलेय, मला काय झालंय?" निरीक्षकसाहेबांना वाईट वाटलं. तिच्या हेल्मेटच्या काचेवर धुकं जमत होतं, ते त्यांनी रुमालाने पुसलं आणि हवा खेळती नसल्याबद्दल फाइलमध्ये शेरा लिहिला. या माणसाचं मुलीवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं आहे. ती पहिल्यांदा तापली होती तेव्हा त्यांनी दर दहा मिनिटांनी ताप मोजला होता आणि दोन दिवस ते जेवले नव्हते.

रविवारी कपडे चढवायला पंचावन्न मिनिटं लागली. दारातून ती आडवी वळून निघाली. रिंकवर प्रशिक्षकबाईंनी तिला पाहिलं आणि आधी त्यांना ती ओळखूच आली नाही.

"हे काय केलंत?"

निरीक्षकसाहेबांनी योग्य मापाचा दाखला पुढे केला. मोजणी करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा म्हणून तीन सह्या होत्या, तिन्ही त्यांच्याच.

"अहो साहेब, तिला पळायचंय!"

"पळू द्या की. आमची काही हरकत नाही. फक्त पडता कामा नये."

बाईंनी धाकटीला बर्फावर नेलं. तिने एक पाय पुढे टाकला. बूट पुढे गेला, पाय आत जागच्या जागी राहिला. पाऊण मिनिटात तिने चार हात अंतर कापलं. भाड्याचे बूट नियमात बसत नव्हते आणि दुसरी मुलगी यादीत नव्हती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला, गोलवरच्या मुलीला पुढच्या फळीत पाठवलं आणि धाकटीला ढकलत नेऊन गोलच्या तोंडाशी उभं केलं.

आणि क्लबाने सामना जिंकला! हे नाकारता येत नाही. या हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबराची चकती गोलवर सतरा वेळा आली. त्यांतल्या पंधरा वेळा ती धाकटीवर आदळून परत गेली आणि दोनदा बाहेरून गेली. आदळलेल्यांपैकी चार वेळाच तिला काही कळलं. बाकी वेळ ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती. तिथे साडेअकरा सेकंदवाली मुलगी तिच्या जागी पळत होती. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या झाल्या, मामांनी शिट्टीसुद्धा मारली.

"लागलं का गं कुठे?" निरीक्षकसाहेबांनी धावत जाऊन विचारलं.

"नाही बाबा. काहीच लागलं नाही."

"बघ!" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी धाकटीचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी अभ्यास होता. मग कोणी विचारेनासं झालं. क्लबाने निरीक्षकसाहेबांची पद्धत सगळ्यांना लागू केली आणि वर्षभरात दुखापतींचं प्रमाण शून्यावर आणलं. (मुलांचं प्रमाणही त्याच्या आसपास आलं, पण तो वेगळा तक्ता आहे.) सामान माळ्यावर गेलं, बुटांत वर्तमानपत्रं कोंबून, आकार जाऊ नये म्हणून.

ठरल्या तारखेला, बरोबर तीन वर्षांनी, निरीक्षकसाहेबांनी धाकटीचा पाय मोजला. दोनशे चाळीस. डावाही आणि उजवाही. त्यांनी दोनदा मोजला, मग बायकोला हाक मारली, मामांना फोन केला. बावीस अधिक तीन वर्षांच्या नोकरीत इतकं बिनचूक काही निघालं नव्हतं. बूट खाली काढले, वर्तमानपत्रं काढली, धाकटीने पाय घातले.

"बसले?"

"बसले," ती म्हणाली. खरंच बसले होते. फक्त उजव्या अंगठ्याजवळ एक पोकळी होती, आईच्या हाडाएवढी. तिने बोटाने चाचपून पाहिली.

"मग जायचं का रिंकवर?"

"कशाला?" धाकटीने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच कळेना म्हणून. मग तिने बूट काढून जोडीने भिंतीशी ठेवले आणि अभ्यासाला गेली. आई बराच वेळ त्या बुटांकडे बघत होती. निरीक्षकसाहेबांनी फाइलवर शेवटचा शेरा लिहिला: माप योग्य.

आपण हसलात, हे चांगलं झालं. आता जरा उठून उभे राहा पाहू, आणि टाचेमागे एक बोट घालून बघा. तुमचेही बूट कोणीतरी प्रेमानेच घेतले असतील, पुढच्या सोयीने. अंगठ्याजवळ पोकळी लागली तर घाबरू नका. तुमच्याआधी त्यात कोण बसलं होतं, तेवढं फक्त आठवून बघा. आणि तुमच्या घरात कोणी नऊ सेकंदांत पळत असेल, तर तिच्या पायाचं माप तुम्ही शेवटचं कधी घेतलंत, आणि कुठल्या सालचं?