रुळांवरचं कपाट

फूटपट्टीने ऑफिसात फोन लावला तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय हलवत मजेत बसला होता. आवाज मात्र त्याने असा काढला, की पलीकडच्याला वाटावं, हा गेला आता.

"साहेब, कंबर धरलीय. पलंगावरून हलता येत नाही."

"आज?" साहेब कडाडले. "दुपारी पुलाचं काम सुरू होतंय. सगळ्या ट्राम तू आखलेल्या रस्त्याने जायच्यात. आणि तुझ्या कंबरेला आजचाच मुहूर्त मिळाला?"

"आराखडा चोख आहे साहेब. डोळे मिटून ट्राम सोडा."

"सोडतो. पण ऐकून ठेव. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. आजचा दिवस नीट गेला तर ती तुझी. नाही गेला तर मी आहे आणि तू आहेस."

फूटपट्टी ट्रामच्या ऑफिसात होता. कुठे रस्ता खणला, कुठे तार तुटली, की ट्राम कुठून फिरवायची हे ठरवायचं काम त्याचं. खिशात कायम फूटपट्टी, म्हणून सगळं ऑफिस त्याला त्याच नावाने हाक मारायचं. या वेळी त्याने ट्राम वळवली होती ती थेट स्वतःच्या गल्लीतून. तिथे जुन्या डेपोचे रूळ वर्षानुवर्षं नुसते पडून होते. शिवाय दुसऱ्या गल्लीतून ट्राम नेली की लोक तक्रारी घेऊन येतात. या गल्लीत तक्रार करणारा एकच माणूस होता, आणि तो फूटपट्टी स्वतःच होता.

आणि सुट्टी कशासाठी? तर सासूबाई येणार होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "चारच दिवस येते." पण चार दिवसांसाठी कोणी कपाट घेऊन येतं का? त्या आणत होत्या. दोन दारांचं, सागवानी, माणूसभर उंच. आणि सक्त ताकीद होती, "कपाट चढवताना जावईबापू हजर पाहिजेत. हमालांचा भरवसा नाही."

हमाल सकाळी येणार होते, म्हणजे ते दुपारी आले. फूटपट्टीने आदल्या दिवशीच दार मोजलं होतं, सासूबाईंकडे जाऊन कपाट मोजलं होतं, सगळं बसत होतं. कपाट जिना चढलं आणि अर्ध्यावर, जिथे जिना वळतो, तिथे असं रुतून बसलं की वर जाईना, खाली येईना.

"दार मोजलंत, कपाट मोजलंत," घामाने निथळणारा हमाल म्हणाला, "आणि जिना काय शेजाऱ्यांनी मोजायचा?"

बायको वरच्या पायरीवर कंबरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, सगळ्या शहराच्या ट्राम वळवता ना तुम्ही? मग एक कपाट वळवा की!"

फूटपट्टीच्या डोक्यात तिडीक गेली, पण सासूबाई ऐकत होत्या, म्हणून त्याने ती गिळली. ओढून ताणून कपाट परत खाली आणलं. हमालांनी ते रस्त्यात जिथे हात सुटले तिथे टेकवलं, "जेवून येतो" म्हणाले आणि जे गेले ते गेलेच. बायकोने खाली आणून दिलेल्या स्टुलावर सासूबाई कपाटाशेजारी बसल्या. फूटपट्टीने दोन पावलं मागे जाऊन कपाटाकडे पाहिलं, मग कपाटाच्या खाली पाहिलं. कपाट बरोब्बर दोन रुळांच्या मधोमध उभं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर घंटा वाजली.

ट्राम वळून गल्लीत शिरत होती, सावकाश, ऐटीत, अगदी त्याने कागदावर काढली होती तशी. चालकाच्या बाजूला, काचेला नाक लावून, कोण उभं होतं? साहेब! पहिल्या फेरीची पाहणी करायला जातीने आले होते.

पळायला जागा नव्हती. जिन्याकडे जायचं तर ट्रामच्या समोरून जायला लागलं असतं. फूटपट्टीने कपाटाचं दार उघडलं, आत घुसला आणि दार ओढून घेतलं. बायकोने ते पाहिलं. सासूबाईंनी नाही पाहिलं. त्या ट्रामकडे बघत होत्या, कोणी भांडायला येतंय का म्हणून.

ट्राम कपाटापाशी येऊन थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, कपाट काढा!"

"तू तुझी ट्राम काढ. मी आधी आलेय."

"अहो, हे रूळ आहेत!"

"मग मी काय गवतावर बसलेय म्हटलं का?"

मागून माणसं ओरडायला लागली. "ऑफिसला जायचंय!" "दवाखान्यात जायचंय!" एक जण तर म्हणाला, "बायको वाट बघतेय, पण सावकाश होऊ द्या." साहेब उतरले. चेहरा लालबुंद.

"इथून ट्राम न्यायची अक्कल कोणाची, कळतं का तुम्हाला? आमच्या एका—"

"कळतं तर! माझ्या जावयाची," सासूबाई ताठ बसत म्हणाल्या. "मोठा हुद्दा आहे त्याचा. आत्ता तर इथेच—"

बायकोने आईला चिमटा काढला. "पलंगावर आहेत! सकाळपासून! कंबर धरलीय त्यांची."

"म्हणजे फूटपट्टी इथेच राहतो?" साहेबांनी डोळे बारीक केले. "छान. मी त्याला भेटूनच जातो."

कपाटात फूटपट्टी डांबरगोळ्यांच्या वासात गुडघे छातीशी घेऊन बसला होता. 'भेटूनच जातो' हे त्याच्या कानावर पडलं आणि नेमकी तेव्हाच नाकात वळवळ सुरू झाली. त्याने नाक दाबलं, जीभ चावली. काही उपयोग झाला नाही.

"आक्छी!"

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या.

"कपाट शिंकलं," चालक म्हणाला.

"मी शिंकले," बायको म्हणाली, आणि खात्री पटावी म्हणून लागोपाठ तीनदा शिंकली. "सर्दी आहे हो फार."

"घरात एकाला कंबर, एकीला सर्दी," साहेब म्हणाले. "चला रे, उचला हे. वरच नेऊन टाकू, म्हणजे रूळही मोकळे आणि भेटही होईल."

सात-आठ उतारू पुढे झाले. कपाट उचललं तशी त्यांची तोंडं वाकडी झाली.

"आजी, आत काय दगड भरलेत?"

"रिकामं आहे ते! पूर्वीचं लाकूड असंच असायचं."

"ते वळणावर अडकतं," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "खाली ठेवा, राहू द्या, आम्ही बघतो."

"अडकायला काय झालं?" सासूबाई जिन्यात पुढे घुसल्या. "उलटं करा त्याला! पाय वर, डोकं खाली! आता भिंतीला घासून, हं, हलवा जरा, हलवा! अजून! आदळलं तरी चालेल, मजबूत आहे!"

कपाट उलटं झालं. फूटपट्टीही झाला. मग त्याला आधी डाव्या भिंतीवर आपटलं, नंतर उजव्या, आणि वळण सुटत नाही म्हणून एकदा खालच्या पायरीवर धाडदिशी टेकवलं. पाठीत कुठेतरी कटकन वाजलं. सदऱ्याचा बोळा तोंडात कोंबून त्याने आवाज आतल्या आत जिरवला. आणि कपाट वळलं! उताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोलीत नेऊन त्यांनी ते पायांवर उभं केलं, घाम पुसला आणि ट्रामकडे पळाले.

साहेब मात्र राहिले. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा होता. चादरीवर एक सुरकुती नाही.

"कुठे आहे तुमचा आजारी माणूस?"

"बाथरूममध्ये."

"हलता येत नाही म्हणाला होता."

"भिंत धरून धरून गेलेत."

"मग बसतो मी. भिंत धरून धरून परत येईलच ना," असं म्हणून साहेब पलंगावर ऐसपैस बसले. बायकोला खुर्ची जाताना दिसायला लागली होती, आणि खुर्चीच्या मागे नोकरीही.

इतक्यात खाली चालकाने निघायची घंटा दिली. साहेब उठून खिडकीशी गेले आणि "जा पुढे, जा!" म्हणून हात हलवायला लागले. तोवर सासूबाईंना लाकडाची काळजी लागली. "बघू दे, आतून तडा-बिडा गेलाय का." आणि बायको 'आई, नको' म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं.

फूटपट्टी गाठोडं पडावं तसा जमिनीवर पडला.

सासूबाईंनी आ वासला. बायकोने तो हाताने झाकला. साहेब गर्रकन वळले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: त्यांचा माणूस फरशीवर घडी घातल्यासारखा पडलाय, तोंड पांढरंफटक, डोळ्यांत पाणी.

"बघा, बाथरूममधून येताना पडले!" बायको ओरडली.

फूटपट्टीला उठायचं होतं. त्याने जोर लावला. काही हललं नाही. तोंडातून फक्त "आई गं" आलं, आणि ते इतकं खरं होतं की साहेब विरघळले. त्यांनी स्वतः त्याला धरून पलंगावर पालथा घातला.

"मला क्षमा कर रे," ते म्हणाले. "तुझं खोटं पकडायलाच वर आलो होतो मी. आणि तू या अवस्थेत आराखडा करून ठेवलास! ट्राम गेली बघ, काय सुरेख गेली. पुलाचं काम आटपलं तरी ट्राम आता याच गल्लीतून जाईल. कायमची. आणि खुर्ची तुझी."

महिना झाला. फूटपट्टी अजून पालथाच आहे. डॉक्टर म्हणतात, उभं राहणं हळूहळू जमेल. बसायचं मात्र वर्षभर नावच काढू नका. खुर्ची ऑफिसात त्याच्या नावाची पाटी लावून वाट बघतेय. सासूबाईंचे चार दिवस चालूच आहेत. "आता तर ट्राम दारातच येते," त्या म्हणतात, "निघायचं ठरवलं की पाच मिनिटांत निघेन. मग घाई कशाला?"

खालून ट्राम गेली की पलंग हादरतो, कंबरेतून कळ जाते, आणि समोरच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. फूटपट्टीने एकदा गल्लीतर्फे तक्रार लिहायला कागद मागितला होता. बायकोने कागद दिला, पेन दिलं आणि विचारलं, "पाठवायची कोणाला?"

तक्रारी आता विभागप्रमुखाकडे जात होत्या.