तीन फांद्यांचा आवळा

"झाडाचं अख्खं आयुष्य पहिल्या तीन वर्षांत ठरते!" पांडुरंगराव रायपूरच्या शंकर नगरात भेटेल त्याला ऐकवत सुटले होते. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून त्यांनी मोबाईलवर झाडं छाटण्याचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की भाजीवाल्याची कोथिंबीरसुद्धा त्यांना चुकीच्या कोनात वाढलेली दिसायची! आणि अंगणात त्यांचा स्वतःचा आवळा उभा होता. तीन वर्षांचा, माणसाहून उंच आणि फांद्यांचं नुसतं गचपण!

या आवळ्यावर इंदूताईंचीही भिस्त होती. दुसऱ्या दिवशी आवळी नवमी. आवळ्याची पूजा करायची, खोडाला कच्चं सूत गुंडाळत फेरे घालायचे आणि त्याच झाडाच्या सावलीत पंगत बसवायची. महिला मंडळातल्या बाया दरवर्षी तेलीबांध्याला चित्राताईंच्या आवळ्याखाली जेवत, आणि चित्राताई वर्षभर त्या सावलीचा तोरा मिरवत. यंदा पहिल्यांदाच बाया इंदूताईंकडे यायला कबूल झाल्या होत्या. जरा बिनसलं की पुन्हा तेलीबांधा, आणि पुन्हा चित्राताईंचं ते गोड हसणं! त्या हसण्याची इंदूताईंनी धास्तीच घेतली होती.

"मी बाजारात जाऊन येते. अंगण झाडून ठेवा. अन् झाडाले हात लावू नका!"

"मी काहून लावीन?" पांडुरंगराव म्हणाले, आणि फाटक लागताच करवत घेऊन आले.

एकच फांदी काढायची होती हो! मुख्य शेंड्याशी बरोबरी करायला निघालेली, तेवढीच. ती काढल्यावर तिच्यामागे एकमेकींना घासणाऱ्या दोन दिसल्या. त्या गेल्यावर एक खोडाला अगदी चिकटून वर चढलेली दिसली. असली फांदी पुढं फळांच्या भारानं खोडासकट फाटते, हे व्हिडिओत सांगितलंच होतं. तीही गेली. मग हात थांबेना. शेवटी तीन दिशांना हात पसरलेल्या तीन दणकट फांद्या उरल्या आणि पांडुरंगराव कमरेवर हात ठेवून मागं सरले.

"वा! तीस वर्षं कितीही वादळं येऊ दे, हालणार नाही!"

मग त्यांची नजर खाली गेली. सावलीच्या जागी जमिनीवर तीन रेघा होत्या. त्यांच्यावर एक द्रोणही मावला नसता. तीस वर्षांनंतरची सोय चोख झाली होती, पण बाया उद्या येणार होत्या! पांडुरंगरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी सुतळीचा गुंडा काढला आणि कापलेल्या फांद्या उचलून होत्या तिथं बांधायला सुरुवात केली. काही जागच्या जागी बसल्या, काही उलट्या लागल्या, एक तर आवळे वर आणि देठ खाली अशी लटकली. पानं मिटायला लागली तशी त्यांनी पाण्याचा फवारा मारला.

इंदूताई दिवेलागणीला परतल्या. "झाड सुस्त काहून दिसून राहिलं?"

"थंडी पडली ना!" पांडुरंगराव म्हणाले आणि घाईघाईनं पिशव्या आत नेल्या.

दुसऱ्या दिवशी बाया नटूनथटून आल्या. पूजा झाली. चित्राताईंनी सुताचं टोक धरून पहिला फेरा घेतला. सूत फांदीला अडकलं, त्यांनी हिसका दिला आणि फांदी आवळ्यांसकट थेट त्यांच्या पदरात!

ओट्यावर बसलेल्या पांडुरंगरावांनी डोळे मिटून घेतले. आता बोंब होणार!

"अगं बाई! माझ्या ओटीत पडली!" चित्राताई किंचाळल्या. "देव पावला वं!"

मग काय विचारता! सगळ्यांनी पदर पसरले. सूत ताणलं जायचं, फांदी पडायची, बाया हात जोडायच्या. सावली विरळ होत होती, पण तिकडे कोणाचं लक्ष होतं!

"आमच्याकडं इतक्या वर्षांत एक पान नाई पडलं," चित्राताई गहिवरल्या. "पुढच्या वर्षीही इथंच करू बाई!"

इंदूताईंचा चेहरा असा फुलला, की पांडुरंगरावांनाही भरून आलं.

राहिली एकटी मीनल, चित्राताईंची सून. रायपुरातच वाढलेली. "आंटी, मुझे तो मिला ही नहीं!" ती पदर पसरून उरलेल्या तीन फांद्यांतल्या एकीखाली उभी राहिली. फांदी पडेना. तिनं हलवली. मग दोन्ही हातांनी धरून चक्क लोंबकळली! फांदी तसूभरही हलली नाही.

"मीनलवर काहून रुसला असन देव?" बाया हळहळल्या.

आणि ओट्यावर पांडुरंगरावांची छाती अभिमानानं फुगली. माणसानं किती आवरायचं स्वतःला!

"नाही पडणार!" ते गरजले. "कोन पाहा तिचा! ती खरी फांदी आहे! बाकीच्या तर मी काल सुतळीनं बांधल्या होत्या!"

चित्राताईंनी आपल्या ओटीतली फांदी उलटी करून पाहिली. सुतळी लोंबत होती.

"असं होय!" त्या गोड हसल्या. अगदी तेच हसणं! "चला मग बायांनो. स्वयंपाक गाडीत ठेवा, तेलीबांध्याले जाऊ. सावलीत जेवायचं असते ना आज!"

इंदूताईंचा चेहरा खर्रकन उतरला. पांडुरंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "इंदू, मी..." त्यांनी तोंड उघडलं.

"कोणी कुठंच जाणार नाही!" इंदूताई कडाडल्या. "आवळ्याचीच सावली पाहिजे ना? आहे सावली!" त्यांनी बायांच्या पदरातल्या फांद्या भराभर गोळा केल्या, पांडुरंगरावांना दंडाला धरून झाडाशी आणलं आणि दोन्ही हातांत भारे दिले. "घ्या. असे पसरा. अन् पंगत उठेपर्यंत हालायचं नाही!"

पानं मांडली गेली. बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग मोकळ्यानं हसल्या. वड्यांचा घास तोंडात गेल्यावर तर तेलीबांध्याचं नावही कोणी काढलं नाही. चित्राताईंनीही दुसऱ्यांदा खीर मागून घेतली. मीनल फोटो काढत होती. पांडुरंगरावांचे खांदे भरून आले होते, नाकाला पानं टोचत होती, मानेवर मुंगळा फिरत होता. त्यांनी डावा हात जरासा, अगदी जरासाच खाली घेतला.

"अहो!" वाढता वाढता इंदूताई ओरडल्या. "वर! चित्राताईंच्या पानावर ऊन येऊन राहिलं!"